कॉल बंद झाल्यानंतर

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "ताई, नोकरीतल्या आठवणी द्या. जरा हलक्याफुलक्या असू द्या." मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, पेन्शन शाखेत हलकंफुलकं काय असतं हो? तिथे येणारा माणूस म्हातारा तरी असतो, विधवा तरी असते, नाहीतर तिसऱ्यांदा आलेला असतो. ते हसले. मी काही विनोद केलेला नव्हता. तरी लिहायला बसले आहे, कारण निवृत्त झाल्यावर तोंड आवरायचं कारण उरलेलं नाही. नोकरीत असतानाही मी ते फारसं आवरलं नव्हतं म्हणा.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा रेल्वेत लागले, रायपूरला आले आणि आम्ही तिथल्या गुढियारी वस्तीचे झालो. मी नोकरीला लागले तेव्हा आमचं ऑफिस सदर बाजाराजवळ होतं. सराफ्याच्या गर्दीतून स्कूटरी चुकवत पेन्शनवाले यायचे, जिन्यात बसून श्वास घ्यायचे, पण यायचे. मग राज्य नवं झालं, राजधानी नवी झाली आणि आमचं ऑफिस नवा रायपूरला गेलं. तिथले रस्ते इतके रुंद की पलीकडे पोचेपर्यंत माणसाने कशाला आलो होतो ते विसरावं. सावली कुठे नाही, चहाची टपरी नाही. बस आहे. ती कधी येते ते ती आली म्हणजे कळतं. पेन्शनचं ऑफिस पेन्शनवाला पोचणार नाही अशा जागी न्यायची कल्पना ज्यांना सुचली, त्यांच्याकडे गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही होते, हे वेगळं सांगायला नको.

माझ्या टेबलावर अग्निशमनवाल्यांची प्रकरणं होती. हे टेबल कोणी मागून घेत नसे. शिक्षकाचं पेन्शन सरळ असतं. एका तारखेला लागला, एका तारखेला सुटला, मधे शाळा. आग विझवणाऱ्याचं तसं नसतं. हा माणूस आधी रोजंदारीवर लागतो. मग कधीतरी कायम होतो. मधेच त्याचं खातं बदलतं, एका कार्यालयाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि दोन्ही कार्यालयं म्हणतात की हा आमचा नव्हे. राज्य वेगळं झाल्यावर तर बहार आली. काही जणांना भरती केलं भोपाळने, त्यांनी आगी विझवल्या रायपूरच्या, आणि म्हातारपणी त्यांचा महागाई भत्ता वाढवायचा तर दोन्हीकडच्या साहेबांनी माना डोलवायच्या. दोन माना एका वेळी डोललेल्या मी क्वचितच पाहिल्या.

बाहेरच्या माणसाला हे सगळं फार अवघड वाटतं, म्हणून सोपं करून सांगते. जुन्या पद्धतीत शेवटच्या पगाराच्या साधारण निम्मं पेन्शन, तेही नोकरीची वर्षं पुरेशी भरली तर. इथे पहिली गोम आहे. नोकरी तुम्ही किती वर्षं केली याला किंमत नाही, सरकार त्यातली किती वर्षं मोजायला तयार आहे याला आहे. रोजंदारीची वर्षं सहसा मोजत नाहीत. त्या वर्षांतही आग गरमच होती, पण तसं फाइलवर लिहायची सोय नसते. मग मधे नवी पद्धत आली. पगारातून कापा, सरकारही थोडं घालील, तो पैसा बाजारात जाईल आणि बाजाराच्या मनात असेल ते म्हातारपणी मिळेल. मग ती नको म्हणून पुन्हा जुनी आली. दर वेळी आमच्याकडे मार्गदर्शनाचं जाडजूड पुस्तक यायचं, आणि दर वेळी त्यात न बसणारी माणसं माझ्याच टेबलापुढे उभी असायची.

आणि शेवटची गोष्ट. माणूस नोकरीत असताना वारला तर त्याच्या बायकोला कुटुंब पेन्शन मिळतं. त्यात दोन प्रकार. घरी, दवाखान्यात, बिछान्यावर मेला तर साधारण. ड्यूटी बजावताना, ड्यूटीमुळे मेला तर असाधारण. असाधारण पेन्शन बरंच जास्त असतं. नवरा असाधारण रीतीने मेला हे सिद्ध मात्र बायकोने करायचं असतं, आणि समोर बसलेल्या साहेबाने जन्मात कधी काडेपेटीपेक्षा मोठी आग पाहिलेली नसते.

मुख्य गोष्टीकडे वळण्याआधी इतवारी यादवांबद्दल सांगितलंच पाहिजे, नाहीतर संपादक म्हणतील हलकंफुलकं कुठे आहे. इतवारी यादव जुने फायरमन, निवृत्त झालेले. पेन्शनवाल्याने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. तो दाखला पुढे मशीनवर अंगठा ठेवून व्हायला लागला. इतवारींचे दोन्ही अंगठे एका पेट्रोलपंपाच्या आगीत भाजून गुळगुळीत झालेले. मशीन काही केल्या त्यांना ओळखेना. खिडकीतला मुलगा म्हणाला, "बाबा, मशीन के हिसाब से आप नहीं हैं." इतवारींनी त्याचं, मशीनचं आणि मशीन विकत घेणाऱ्याचं कूळ उद्धरायला सुरुवात केली. मी धावत गेले तर मला म्हणाले, "मैं नइ हँव, त ये गारी कोन देवत हे?" मी नाही, तर मग या शिव्या कोण देतंय? यापेक्षा चांगला जिवंतपणाचा पुरावा मी सबंध नोकरीत पाहिला नाही. पण शिव्या स्वीकारायची तरतूद नियमात नव्हती, तेव्हा शेवटी त्यांचे डोळे स्कॅन करून भागवलं.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे विलास, त्याची बायको लता, आणि बोरकर.

विलास फायरमन होता, आमच्याच गुढियारीचा. बोरकर त्याच्या पथकाचा प्रमुख, वर्ध्याकडचा, उंच, आवाज फाटका. धुराने फाटलेला, असं तो म्हणायचा. बिडीने, असं विलास म्हणायचा. दोघं बरोबर लागले, बरोबर रोजंदारीवर राबले, बरोबर कायम झाले. दोघांची कागदं माझ्याकडेच असल्यामुळे दोघं वर्षातून एकदा तरी येऊन बसायचे आणि "ताई, आमी मेल्यावर काय काय भेटते ते सांगा," असं मजेत विचारायचे. मीही मजेत सांगायची.

सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत कापडाचं एक गोदाम होतं. त्याला दुपारी आग लागली. गल्ली अशी की मोठी गाडी आत जाईना, होज खांद्यावरून ओढत नेले. संध्याकाळपर्यंत ज्वाळा बसल्या. आणि बोरकरने वायरलेसवर कंट्रोल रूमला सांगितलं की आग विझवली, कॉल बंद.

इथे मला थांबून आग विझवणाऱ्यांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावर अडलं. आगीची खबर आली की कंट्रोल रूममध्ये त्या आगीचा कॉल उघडतात. तो बंद होईपर्यंत त्या गाड्या अडकलेल्या धरतात, दुसरीकडे पाठवत नाहीत. शहर एवढं मोठं, गाड्या मोजक्याच. कॉल उघडा असेपर्यंत वरचे साहेब दर थोड्या वेळाने फोन करतात, बुझी क्या, बुझी क्या. म्हणून ज्वाळा बसल्या की पथकप्रमुख कॉल बंद करून टाकतो. एक गाडी मोकळी करून पाठवतो, साहेब जेवायला बसतात, आणि दोघं-तिघं मागे राहून खरं काम करतात. कापडाचा गठ्ठा बाहेरून काळा पडतो, ओला होतो, पण आत धुमसत असतो. तो हुकाने ओढून फोडायचा, आत पाणी मारायचं, मग पुढचा. हे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी तीच आग पुन्हा उठते. हे काम तासन् तास चालतं आणि ते कुठल्याच कॉलमध्ये नसतं. ही रीत खालपासून वरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. तिच्यामुळे वार्षिक अहवालात आमच्या शहरातल्या आगी फार चटकन विझलेल्या दिसायच्या, आणि त्याबद्दल ज्यांची पाठ थोपटली जायची ते कोणी मागे थांबणाऱ्यांपैकी नसायचे.

तर कॉल बंद झाला. गर्दी पांगली. विलास हुक घेऊन आत गेला. गोदामाला लाकडी माळा होता आणि माळ्यावर कापडाचे गठ्ठे. दुपारभर मारलेलं पाणी त्या गठ्ठ्यांनी पिऊन ठेवलं होतं. तो सगळा माळा विलासवर आला. बोरकर दारातच होता. त्याने हातांनी गठ्ठे उपसले. पण उपयोग झाला नाही.

लताचं प्रकरण मी स्वतः तयार केलं. असाधारण पेन्शनचंच प्रकरण होतं ते, कुणालाही कळलं असतं. ते वर गेलं लेखासाहेबांकडे.

लेखासाहेबांचं नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही, असा एक साहेब प्रत्येक खात्यात ठेवलेलाच असतो. आवाज कधी चढवायचे नाहीत. काचेच्या केबिनमध्ये गरम पाणी पीत बसायचे. त्यांची एक खासियत होती, एका वेळी एकच आक्षेप काढायचा. प्रकरणात तीन गोष्टी कमी असल्या तर ते तिन्ही एकदम सांगायचे नाहीत. पहिली सांगून प्रकरण खाली पाठवायचे. ती पुरी करून वर गेलं की दुसरी. अशाने फाइल सतत हलत राहते, कुणाला म्हणता येत नाही की साहेबांकडे अडकली आहे, आणि होत काहीच नाही. याला ते 'परीक्षण' म्हणायचे. मी याला काय म्हणायची ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

लताच्या प्रकरणात आधी लग्नाचा पुरावा मागितला, मग विलासच्या आडनावाची खातरजमा. आम्ही सगळं दिलं. आणि मग त्यांना ती कॉलची गोष्ट सापडली. त्यांनी बोरकरला बोलावून घेतलं. मी फाइल घेऊन बाजूला उभी होते.

"कॉल किसने बंद किया?"

"मैंने, साहब."

"दुर्घटना उसके पहले हुई कि बाद में?"

"बाद में."

"तो आग बुझ चुकी थी. कॉल बंद, ड्यूटी बंद. फिर वो अंदर किसलिए गया था?"

बोरकरने सगळं समजावून सांगितलं, गठ्ठे, धुमसणं, रीत. लेखासाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ये आप लोगों का आपसी तरीका होगा. नियम में ऐसा कुछ नहीं है." गरम पाण्याचा घोट घेतला. फाइलवर लिहिलं की मृत्यू कर्तव्य संपल्यानंतर झाला, साधारण कुटुंब पेन्शन देण्यात यावं.

बाहेर आल्यावर मी बोरकरला म्हणाले, अहो, कॉल बंद केल्याची वेळ तुम्हाला नीट आठवत नाही असं तरी म्हणायचं होतं. तो म्हणाला, "ताई, वायरलेसवर माहाच आवाज आहे. मीच म्हटलं कॉल बंद. आता खोटं काहून बोलू?" मग भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "माह्याच तोंडानं मारलं त्याले मी. एकदा गोदामात अन् एकदा इथं."

त्यानंतर तो लतासमोर आला नाही. तिच्या घरी सिलिंडर पोचतं की नाही, तिच्या पोट्टीची, म्हणजे लेकीची, कॉलेजची ॲडमिशन झाली की नाही, हे तो पथकातल्या दुसऱ्यांकडून बघायचा. ती ऑफिसात येणार असली की हा दुसऱ्या जिन्याने उतरून जायचा.

लता आमच्या पाऱ्याच्या, म्हणजे वस्तीच्या, कडेला, मालधक्क्याजवळच्या एका धान्याच्या गोदामात पोती शिवायची. सुट्टी टाकून नवा रायपूरला यायची, बसमधून उतरून त्या उन्हाच्या रस्त्यावरून चालत. अर्ज लिहून द्यायची, खाली बसायची, परत जायची. एकदा मी तिला हट्टाने लेखासाहेबांच्या केबिनमध्ये नेलं. त्यांनी तिला खुर्ची दिली, हे मान्य केलं पाहिजे. आणि गोड आवाजात समजावलं की बहनजी, आग बुझ चुकी थी, इसलिए नियम नहीं बनता.

लताने मान हलवली. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलं, "ताई, याईले विचारा. आग इझली होती, तं मंग माहा मानूस कायनं मेला?"

"क्या कह रही हैं?" साहेबांनी विचारलं. मी भाषांतर केलं, शब्द न् शब्द. लेखासाहेब म्हणाले, "ये भावनात्मक प्रश्न है." माझ्या मते त्या केबिनमध्ये विचारला गेलेला तो पहिला मुद्द्याचा प्रश्न होता. पण माझं मत फाइलवर लिहायला जागा नसते. प्रकरण पडून राहिलं. लताला साधारण पेन्शन सुरू झालं, तिने पोती शिवणं सुरू ठेवलं, आणि मी दर थोड्या दिवसांनी एक स्मरणपत्र वर पाठवत राहिले. लेखासाहेब त्यावर 'देखा' असं लिहून खाली पाठवायचे.

मग एके दिवशी, भर ऑफिसच्या वेळात, आमच्याच रेकॉर्ड रूमला आग लागली.

नव्या इमारतीचं कौतुक करताना तिच्या छताकडे बोट दाखवत असत. आग लागली की आपोआप पाणी उडेल असे नळ बसवलेले होते. बसवलेले होते हे खरं. त्यांना पाणी जोडायचं टेंडर मात्र अजून निघायचं होतं. भिंतीतली वायर तडतडली, कोपऱ्यातल्या रॅकने पेट घेतला, आम्ही सगळे पदराने नाक दाबून व्हरांड्यात आलो. आणि नवा रायपूरच्या स्टेशनमधून गाडी आली तर तिच्यातून बोरकर उतरला. त्याची बदली होऊन थोडेच दिवस झाले होते.

त्यांनी झटपट काम केलं. ज्वाळा बसल्या. पाण्याचे लोट जिन्यावरून वाहायला लागले. लेखासाहेब रुमाल नाकाला लावून पुढे आले. त्यांचा जीव वरखाली होत होता, आणि तो राज्याच्या दस्तऐवजांसाठी नव्हता. साहेब लवकरच निवृत्त व्हायचे होते. स्वतःचं पेन्शन कुठल्या आक्षेपात अडकू नये म्हणून त्यांनी स्वतःचं सेवापुस्तक आधीच मागवून घेतलं होतं आणि त्याच खोलीत, मधल्या रॅकवर, लाल बस्त्यात बांधून ठेवायला लावलं होतं. हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

"बुझ गई?" त्यांनी विचारलं.

"बुझ गई, साहब," बोरकर म्हणाला. आणि आम्हा सगळ्यांसमोर त्याने वायरलेस तोंडाशी धरला. "कंट्रोल, आग बुझा दी गई है. कॉल बंद."

वायरलेस खरखरला. "कॉल बंद. नोट किया."

बोरकरने हाताने खूण केली. पुढच्या दारातल्या माणसांनी होज गुंडाळायला घेतला.

लेखासाहेब खोलीच्या दारातून आत बघत होते. रॅकवरचे बस्ते काळे, ओले, आणि त्यांच्या फटींतून बारीक पांढरा धूर.

"अरे भाई, धुआँ तो निकल रहा है."

"हव साहब, निकलेगा. ऊपर की बुझी है, बस्तों के अंदर सुलग रही है. एक-एक बस्ता खोलके पानी मारना पड़ता है."

"तो मारो!"

"कॉल बंद हो गया, साहब."

"तो क्या हुआ?"

"कॉल बंद, ड्यूटी बंद. आपने ही बताया था. अब मेरे आदमी के ऊपर रैक गिर गया, तो कल उसकी बीवी आएगी. आप पूछेंगे, अंदर किसलिए गया था?"

आमचे लोक, ज्यांना एरवी साहेबांची सावली दिसली तरी काम आठवायचं, ते सगळे एकटक बघत होते.

"तो फिर से खोल लो कॉल!"

"हम नहीं खोल सकते. आप फोन कीजिए, नंबर दीवार पर लिखा है. हम स्टेशन लौटेंगे, वहाँ से नया कॉल लेके आएँगे."

"बोरकर, ये बहस का समय नहीं है!" साहेबांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"मैं बहस कहाँ कर रहा हूँ, साहब. मैं तो पाइप लपेट रहा हूँ."

मधल्या रॅकवरून धुराची एक जाड वळकटी उठली. लेखासाहेब जवळजवळ ओरडलेच. "जब तक धुआँ है तब तक ड्यूटी है! इतनी-सी बात समझ में नहीं आती तुम लोगों को?"

बोरकरने वायरलेसचं बटण दाबलं आणि तो साहेबांच्या तोंडापुढे धरला. "ज़रा ज़ोर से, साहब. कंट्रोल को सुनाई नहीं दिया."

साहेबांनी वायरलेसकडे पाहिलं, धुराकडे पाहिलं, आणि ते वाक्य पुन्हा म्हटलं. मोठ्याने आणि स्पष्ट.

वायरलेस खरखरला. "सुन लिया. जब तक धुआँ है, तब तक ड्यूटी. नोट किया."

त्या वेळी मी सहज रॅकच्या पलीकडे, खोलीच्या मागच्या दाराकडे पाहिलं. मागच्या दारात बोरकरचा एक माणूस पाण्याने फुगलेला होज काखेत धरून उभा होता आणि दुसरा हुकाने एकेक बस्ता ओढून फोडत होता. ते तिथे पहिल्यापासून होते. कॉल बंद म्हणायच्या आधीपासून. बोरकरने त्या आगीला एका मिनिटाचीही सवलत दिलेली नव्हती. लेखासाहेबांनी तिकडे एकदा नजर टाकली असती तरी सगळा डाव फसला असता. पण त्यांची नजर त्यांच्या पेन्शनवर होती. मी तोंड मिटून घेतलं. नोकरीत असं मी फार वेळा केलेलं नाही, म्हणून लक्षात राहिलं.

साहेबांचं सेवापुस्तक वाचलं. कडेला जरा भाजलं, एवढंच.

पुढे साहेब शब्द फिरवतील असं मला वाटत होतं, आणि तो त्यांनी फिरवलाही असता. पण कंट्रोल रूममधून ती गोष्ट गावभर झाली होती. ऑफिसात कामाला आलेला प्रत्येक जुना फायरमन केबिनच्या दारातून डोकावून विचारायचा, "साहब, धुआँ है क्या?" इतवारी यादव तर काही काम नसताना तेवढ्यासाठी बसने आले. मी लताची फाइल पुन्हा वर पाठवली. या वेळी आक्षेप आला नाही. साहेबांनी लिहिलं की ज्वाळा शमल्यानंतर आग थंड करण्याचं काम हा अग्निशमन कर्तव्याचा अविभाज्य भाग आहे. जणू लहानपणापासून त्यांना हेच वाटत आलं होतं. आणि खाली, शेवटच्या ओळीत, हात आखडता घेतलाच. हे विशेष प्रकरण समजावं, पायंडा मानू नये. म्हणजे यापुढे असा कोणी मेला तर त्याच्या बायकोने पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची. आणि आता तर कितीतरी पोट्टे कंत्राटावर आग विझवून राहिले आहेत. त्यांना साधारणही नाही आणि असाधारणही नाही. एका शेवटच्या ओळीत एवढा कोतेपणा बसवायला शिक्षण लागतं. त्या ओळीवर मी भांडले, लेखी भांडले. 'देखा' म्हणून कागद परत आला. याची खंत आहे आणि ती जाणारी नाही.

आदेशाची प्रत घ्यायला लता आली. मी तिला वाचून दाखवायला लागले तेव्हा तिने किती मिळणार हे विचारलं नाही. "आग चालू होती, असं लिहिलं ना त्यात?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, लिहिलंय. तिने मला त्या ओळीवर बोट ठेवायला लावलं. बराच वेळ बघितलं. मग घडी करून पिशवीत ठेवलं.

"बोरकर भाऊजी खाली उभे हायेत," ती म्हणाली. "मले पाहून गाडीमागं गेले. चला तुमी संगं."

आम्ही खाली गेलो. पोर्चपलीकडे उन्हात साहेबांची गाडी उभी होती आणि तिच्या पलीकडे, आपल्या स्कूटरजवळ, बोरकर, आता पळायला दुसरा जिना नव्हता. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. वर्ष उलटून गेलं होतं दोघं समोरासमोर येऊन.

लता म्हणाली, "भाऊजी, सारं झालं आता. मी तुमाले कवाच काही म्हटलं नाही, अन् म्हणनार बी नाही. आता तरी कॉल बंद करा."

बोरकरने मान खाली घातली. तो फाटका आवाज आणखी फाटला.

"धूर हाये ना, वहिनी, अजून," तो म्हणाला.

लताने आदेशाची पिशवी त्याच्या हातात दिली, आणि तो तिला आपल्या स्कूटरवर बसवून गुढियारीला सोडायला गेला. बसचा तसाही काही भरवसा नव्हता.